होळकरांचा माणूस : चंदू सरवटे यांची बत्तीस वर्षे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलावे, विषय आपल्या आवडीचा घ्यावा, असे कार्यवाहांनी मला अगत्याने सुचविले. मी विषय सांगितला, तेव्हा दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ज्ञानेश्वरीवर आणि महादजी शिंद्यांच्या दिल्लीतील राजकारणावर विवेचन केले आहे. त्या पंगतीत मी क्रिकेटचे ताट मांडावयास निघालो होतो. आणि तेही गावसकरांचे किंवा तेंडुलकरांचे नव्हे, तर अवघे नऊ कसोटी सामने खेळलेल्या एका खेळाडूचे! कार्यवाहांनी अखेर सभ्यपणे एवढेच विचारले, "नऊ कसोट्यांवर पाऊण तास बोलता येईल का?" मी म्हणालो, "नऊ कसोट्यांना पाच मिनिटे पुरतील. उरलेली चाळीस मिनिटे मला एकशे बासष्ट सामन्यांसाठी हवी आहेत."

तो खेळाडू म्हणजे चंद्रशेखर त्र्यंबक ऊर्फ चंदू सरवटे. सभागृहातील ज्येष्ठांपैकी काहींनी मान डोलावलेली मला दिसते आहे. तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर मात्र नावाची ओळख दिसत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तेव्हा त्यांच्यासाठी मी अलीकडच्या एका घटनेपासून आरंभ करतो.

२०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मुंबई आणि बडोदा यांच्यात रणजी करंडकाचा उपान्त्यपूर्व सामना चालू होता. दुसऱ्या डावात मुंबईचे नऊ गडी ३३७ धावांवर बाद झाले. दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे यांनी तेथून २३२ धावांची भर घातली. कोटियन १२० धावांवर नाबाद राहिला, देशपांडेने १२३ काढल्या. शेवटच्या जोडीचा रणजी करंडकातील २३३ धावांचा विक्रम एका धावेने वाचला. तो विक्रम आपल्या या दिल्लीचाच, अजय शर्मा आणि मणिंदर सिंग यांचा, १९९१-९२ सालचा, मुंबईविरुद्धचा. दिल्लीकर म्हणून मला त्याचा थोडा आनंद झाला, हे कबूल करावयास हरकत नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी लिहिले की, दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके ठोकण्याचा प्रकार प्रथम श्रेणीच्या साऱ्या इतिहासात यापूर्वी एकदाच घडला होता. तो १९४६ साली इंग्लंडमध्ये, ओव्हलच्या मैदानावर. आणि ते दोघे फलंदाज होते सरवटे आणि शुटे बॅनर्जी. अठ्ठ्याहत्तर वर्षांनंतर सरवट्यांचे नाव पुन्हा छापून आले ते असे, दुसऱ्या कोणाच्या पराक्रमाची तळटीप म्हणून.

ओव्हलची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. महायुद्ध संपून वर्ष झाले होते. युद्धकाळात त्या मैदानाची रचना युद्धकैद्यांच्या छावणीसाठी बदलून ठेवलेली होती. प्रत्यक्ष कैदी कधी आले नाहीत, पण हिरवळीची दुर्दशा व्हावयाची ती झाली. ते सारे नीट करून तेथे पुन्हा खेळ सुरू झाला होता. मे महिन्यातील शनिवार, समोर सरे परगण्याचा संघ, गोलंदाजांत आल्फ गोव्हर आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला ॲलेक बेडसर. हिंदुस्थानचे नऊ गडी २०५ वर बाद झाले आणि दुपारी चारच्या सुमारास शेवटचा फलंदाज बॅनर्जी मैदानात आला. अशा वेळी प्रेक्षक काय करतात ते आपण जाणतो. छत्री गोळा करावयाची, डबा बंद करावयाचा. पण ही जोडी त्या संध्याकाळी फुटलीच नाही. रविवार विश्रांतीचा. सोमवारी दोघे पुन्हा उतरले. तीन तास दहा मिनिटांत २४९ धावा जमल्यावर बॅनर्जी १२१ वर बाद झाला. सरवटे १२४ वर नाबाद. त्यानंतर सरेच्या दुसऱ्या डावात सरवट्यांनी पाच बळी घेतले आणि सामना हिंदुस्थानने नऊ गडी राखून जिंकला.

बॅनर्जीबद्दल एक वाक्य सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३६ आणि १९४६ अशा दोन्ही इंग्लंड दौऱ्यांवर हा गृहस्थ गेला आणि एकही कसोटी न खेळता परतला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, १९४९ च्या फेब्रुवारीत, मुंबईला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याला पहिली कसोटी मिळाली. त्यात त्याने पाच बळी घेतले, आणि तीच त्याची शेवटची कसोटी ठरली. ओव्हलवरची ती जोडी म्हणजे दोन मुशाफिरांची एका धर्मशाळेत झालेली गाठ होती.

मुशाफिर हा शब्द मी मुद्दाम वापरला. इंग्रजीत 'जर्नीमन' असा एक शब्द आहे. त्याचा प्रवासाशी संबंध असावा असे वाटते. पण मूळ अर्थ आहे उमेदवारी संपवून रोजाने काम करणारा कारागीर. तो उस्ताद नव्हे आणि शिकाऊही नव्हे. अमेरिकेत बेसबॉलचा धंदा फार मोठा आहे. तेथे या संघातून त्या संघात, या शहरातून त्या शहरात बदली होत ज्याचे आयुष्य जाते, त्या खेळाडूला हा शब्द लावतात. त्यात थोडी थट्टा असते आणि थोडा आदर. आपल्याकडे हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून गावोगाव हिंडणारा सुतार असे. घर दुसऱ्याचे, लाकूड दुसऱ्याचे, पण रंधा आपला. सरवटे त्या जातीचे खेळाडू होते. मात्र एक फरक आहे, आणि आजच्या भाषणाचे सारे प्रयोजन त्या फरकात आहे. बेसबॉलवाला गाव बदलतो. सरवट्यांच्या पायाखालचे गावच अनेकदा बदलले.

त्यांचा जन्म २२ जुलै १९२० चा, सागर येथील. म्हणजे महाराष्ट्राबाहेरचा, तुमच्याआमच्यापैकी अनेकांसारखाच. सोळाव्या वर्षी, १९३६-३७ च्या हंगामात, ते मध्य प्रांत व वऱ्हाड या संघाकडून रणजी करंडकात उतरले. पुढे महाराष्ट्राच्या संघात गेले, प्राध्यापक दि. ब. देवधरांनी १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकून महाराष्ट्राचे नाव गाजविले होते, तो हा काळ. मग मुंबई. पंचरंगी सामन्यांत हिंदू संघ. नंतर होळकर, आणि तेथे ते स्थिरावले. पुढे मध्य भारत, मग मध्य प्रदेश आणि कारकिर्दीच्या संध्याकाळी विदर्भ. ही यादी मी भराभर वाचून दाखविली, पण घरी गेल्यावर एकदा देशाचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून ती पुन्हा म्हणून पाहावी. मध्य प्रांत व वऱ्हाड आज नकाशावर नाही. होळकर संस्थान नाही, मध्य भारतही नाही. धर्मावर संघ बांधणारी पंचरंगी स्पर्धा १९४५-४६ नंतर बंद पडली, आणि ती पडली हे चांगलेच झाले. ज्या संघांसाठी या माणसाने घाम गाळला, त्यांतील निम्मे आज कागदावरही उरलेले नाहीत.

होळकर संघाविषयी मात्र मला जरा रेंगाळू द्या. इंदूरच्या महाराजांनी १९२३ साली कर्नल सी. के. नायडूंना नागपूरहून बोलावून फौजेत हुद्दा दिला, ही त्या संघाची खरी पायाभरणी. रणजी करंडकाच्या खेळाडूला त्या काळी मानधन म्हणावे असे काही नसे. पोट भरावयाचे ते संस्थानच्या, रेल्वेच्या किंवा एखाद्या कंपनीच्या नोकरीवर, नाही तर लँकेशायरच्या लीगमध्ये जाऊन. त्यामुळे जेथे क्रिकेटचा शौकी राजा, तेथे खेळाडूंचा तळ, असा प्रकार होता. इंदूरचे मुश्ताक अली घरचेच. बाकीचे चहूकडून आलेले. सी. एस. नायडू आले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आले. मुंबईचे खंडू रंगणेकर, ज्यांचे कव्हरमधील क्षेत्ररक्षण पाहण्यासाठी लोक तिकीट काढीत, तेही काही काळ होळकरांकडून खेळले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. तो सैन्यात सार्जंट होता आणि महू छावणीत त्याची नेमणूक होती! मुंबईविरुद्ध त्याने २४९ नाबाद केल्या, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. (२४९ हा आकडा पुढच्याच वर्षी ओव्हलवर पुन्हा उगवला, आकड्यांनाही काही मित्र असावेत.)

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा, म्हणजे १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ साली, त्याने करंडक जिंकला. आज मुंबईची मक्तेदारी सांगताना आपण ही गोष्ट विसरतो. १९४६ च्या मार्चमध्ये इंदूरला म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा शतके! भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. हा विक्रम क्रिकेटच्या पुस्तकांत सहा फलंदाजांच्या नावे असतो. परंतु त्याच सामन्यात म्हैसूरचा पहिला डाव १९० वर आटोपला, आणि त्यातील नऊ बळी ६१ धावांत एकट्या सरवट्यांनी आपल्या संथ फिरकीवर घेतले होते. शतक आणि एका डावात नऊ बळी, एकाच सामन्यात. एवढे काम करूनही मथळ्यात वाटा सहाव्या हिश्शाचा! कारागिराची कमाई अशीच मोजली जाते.

या सामन्यानंतर दोनच महिन्यांनी ओव्हलवर ते दहाव्या क्रमांकावर आले, आणि ओव्हलनंतर वीस महिन्यांनी ऑस्ट्रेलियात कसोटी सामन्यात सलामीला गेले. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे सार या दोन क्रमांकांत आहे असे मला वाटते. संघात कोठे भोक पडले की तेथे सरवटे. सलामीवीर नाही? सरवटे आहेत. शेपूट लांबवावयाचे आहे? सरवटे आहेत. दुपारच्या उन्हात, खेळपट्टी मेलेली असताना, वीस षटके कोणी टाकावयाची? तेथेही सरवटे. अशा माणसाची जागा संघात नेहमी असते; आणि त्यामुळेच त्याची अशी स्वतःची जागा कोठेच नसते.

आता त्या नऊ कसोट्या. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये एक, १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात पाच, १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दोन आणि १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध एक. धावा २०८, सरासरी तेरा. बळी तीन, एकेका बळीची किंमत सव्वाशे धावा. आपल्याकडे खेळाडूंविषयी बोलताना 'निवड समितीने अन्याय केला' हे पालुपद हमखास येते. मी ते म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात समोर ब्रॅडमन होता, त्या मालिकेत त्याने ७१५ धावा केल्या, आणि त्याच्यापुढे भल्याभल्यांची फिरकी सरळ झाली, हे खरे. मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत विनू मंकड यांच्याबरोबर सरवट्यांनी १२४ धावांची सलामी दिली, हेही खरे. मंकडनी त्या डावात ११६ केल्या, यांनी ३६. परंतु नऊ सामने ही काही थोडी संधी नव्हे. सर्वोच्च पातळीवर ते कमी पडले. आपल्या माणसाविषयी प्रेम असले, म्हणून एवढे मान्य करावयास जीभ का अडखळावी?

अन्याय पाहावयाचा असेल तर तो त्यांच्या संघसोबत्याचा पाहावा. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून खेळताना काठेवाडविरुद्ध ४४३ नाबाद केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. प्रतिपक्षाचा कर्णधार पुढे खेळावयास तयार झाला नाही आणि सामना सोडून देण्यात आला. निंबाळकरही महाराष्ट्र, बडोदे, होळकर, राजस्थान, रेल्वे असे हिंडले. प्रथम श्रेणीतील सरासरी ४७ च्या वर. आणि कसोटी सामने शून्य. त्यांच्या बाबतीत 'काय झाले असते' हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. सरवट्यांना तो दिलासासुद्धा नाही. त्यांना संधी मिळाली, उत्तर मिळाले, ते प्रतिकूल होते. आणि त्यानंतर सतरा हंगाम ते खेळत राहिले. मला यांतील दुसरी गोष्ट अधिक अवघड वाटते. स्वप्न हुकलेला माणूस त्या स्वप्नावर जगू शकतो. ज्याला आपली मर्यादा छापील आकड्यांत कळली आहे, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कशाच्या बळावर बूट बांधतो?

येथे मला माझ्या घरात शिरणे भाग आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते इंदूरच्या रामबागेत वाढले आणि होळकर संस्थानच्या महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. १९४८ च्या मे महिन्यात मध्य भारताचे नवे राज्य झाले आणि संस्थानचे कारभार एकमेकांत मिसळले. त्या घोटाळ्यात अण्णांची जागा राहिली, पण बढतीची वाट बंद झाली. ओळखीच्या एका गृहस्थांच्या शब्दावर ते दिल्लीला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आले. पहाडगंजात एक खोली, चौघांत एक स्टोव्ह, आणि बाहेर फाळणीच्या निर्वासितांनी ओसंडून वाहणारे शहर. हिंदी त्यांना इंदूरमुळे येत होती. पण इथल्या पंजाबी हिंदीपुढे ती मवाळ वाटे. कोणी विचारले, "मूळचे कुठले?" तर अण्णा म्हणत, "आम्ही होळकरांचे." विचारणारा हसे. राज्य गेलेल्या राजाचे आम्ही!

त्या वर्षी १० नोव्हेंबरपासून फिरोजशाह कोटल्यावर वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना झाला. दिल्लीतील तो पहिलाच कसोटी सामना. वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर रचला. वॉल्कॉट, गोमेझ, वीक्स आणि ख्रिश्चनी अशा चौघांची शतके त्यात होती. आपला पहिला डाव ४५४ वर संपला; मूळच्या पुण्याच्या हेमू अधिकाऱ्यांनी नाबाद ११४ केल्या आणि सरवट्यांनी ३७. ही ३७ त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या. ती आपल्या दिल्लीत झाली. १७७ धावांनी मागे पडल्यामुळे फॉलोऑन आला. पाचवा दिवस रविवार होता, म्हणून कारकुनाला मोकळा. अण्णा पहाडगंजातून अजमेरी गेट, दिल्ली गेट असे चालत कोटल्याला गेले आणि दिवसभर उन्हात उभे राहिले. हिंदुस्थानचे गडी एकेक करून बाद होत होते. सहावा गडी गेल्यावर अधिकारी आणि सरवटे एकत्र आले, ते अखेरपर्यंत राहिले. ६ बाद २२०. अधिकारी नाबाद २९, सरवटे नाबाद ३५. सामना वाचला.

लहानपणी ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की एकदा कंटाळून विचारले, "अण्णा, सरवटे खरेच एवढे मोठे खेळाडू होते का हो?" ते रागावतील असे मला वाटले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मोठे होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी शेवटपर्यंत उभे होते." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि होळकरांचे होते."

होळकरांचे होते म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळले. १९४८ च्या नोव्हेंबरात होळकरांचे राज्य उरलेले नव्हते. होळकरांचा क्रिकेट संघ मात्र होता, आणि तो पुढे आणखी सात हंगाम राहिला. राज्य गेले, दरबार गेला, अण्णांच्या खात्याचा शिक्का बदलला. पण रणजी करंडकाच्या धावफलकावर 'होळकर' हा शब्द येतच राहिला. १९५०-५१ मध्ये सरवट्यांनी बंगालविरुद्ध २४६ केल्या, ती त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी. त्याच वर्षी होळकरांनी करंडक जिंकला. सकाळी वर्तमानपत्र आले की अण्णा मागचे पान आधी उघडीत. आई म्हणे, "देशात काय चालले आहे ते तरी वाचा." अण्णा म्हणत, "तेच वाचतो आहे." १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात होळकर मद्रासकडून हरले आणि पुढच्या हंगामापासून तो संघ मध्य भारत या नावाने ओळखला जाऊ लागला. माझी समजूत आहे की अण्णा त्या वर्षी खऱ्या अर्थाने दिल्लीकर झाले.

सरवट्यांना असे थांबता येत नव्हते. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते आणि ठशांच्या परीक्षेचे, म्हणजे बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे, ते तज्ज्ञ होते. खेळाडूने पोटासाठी निवडलेला याहून चमत्कारिक व्यवसाय मला ठाऊक नाही. पण या माणसाला तो शोभतो. संघ बदलो, टोपी बदलो, चेंडूवर बोट ठेवण्याची पद्धत तीच! मध्य भारत, मध्य प्रदेश, विदर्भ असे करीत ते १९६८-६९ च्या हंगामापर्यंत खेळले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. पहिला सामना खेळून बत्तीस वर्षे लोटली होती. एकूण १७१ सामने, ७४३० धावा, चौदा शतके आणि ४९४ बळी. फलंदाजीची सरासरी ३२ च्या वर. ज्या काळात आपल्या खेळपट्ट्यांवर निंबाळकर ४४३ करीत होते, त्या काळाच्या मानाने ती साधारण म्हणावी लागेल. गोलंदाजीची सरासरी २३.५४; त्याच निर्जीव खेळपट्ट्यांवर ती मात्र मुळीच साधारण नव्हे. पाचशे बळींना सहा कमी पडले. हल्लीचा खेळाडू त्या सहांसाठी आणखी एक हंगाम ओढून काढील. सरवटे तेथेच थांबले.

पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर आले. १९८३ साली ज्या भारतीय संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला, तो निवडणाऱ्या समितीत गुलाम अहमद, बिशनसिंग बेदी, पंकज रॉय आणि चंदू बोर्डे यांच्याबरोबर सरवटे होते. त्या संघात मदनलाल आहेत, रॉजर बिन्नी आहेत, मोहिंदर अमरनाथ आहेत. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी, पडेल ते काम. त्या निवडीत सरवट्यांचा शब्द किती चालला हे मी कशाच्या आधारे सांगू? पण ती नावे वाचताना मला त्यांची आठवण होते, एवढे खरे. २३ डिसेंबर २००३ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

इंदूरला गेलात तर 'सरवटे बसस्थानक' अशी पाटी दिसेल. ती पाहून मी एकदा फार हरखलो होतो. मग कळले की ते नाव घटना समितीचे सदस्य वि. सी. सरवटे यांचे. त्यांचाही मान मोठा, पण माझा हिरमोड झाला तो झालाच. तेथील मोठ्या क्रिकेट मैदानाला मात्र होळकरांचे नाव आहे. २०२२ साली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, तेव्हा पत्रकारांना होळकरांचा १९५२-५३ चा विजय आठवला. तो आपला धरावा की नाही, यावर दोन मते दिसली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत नागपूरला विदर्भ आणि केरळ यांच्यात अंतिम सामना झाला, त्यात केरळकडून एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने फलंदाजीत ७९ धावा केल्या. तो पूर्वी विदर्भाचा. २०१८-१९ मध्ये विदर्भाला करंडक मिळवून देण्यात त्याचा मोठा हात होता. तेव्हा बाहेरचा व्यावसायिक म्हणून केरळकडे गेलेला, आणि आपल्याच जुन्या घरच्या मैदानावर जुन्या सोबत्यांविरुद्ध उभा. नाव आदित्य सरवटे. आडनावावरून मला काहीही सुचवावयाचे नाही. दूरदर्शन संचासमोर मी एकटाच बसलो होतो. धावफलकावर ते आडनाव आले, तेव्हा अण्णा शेजारी असते तर काय म्हणाले असते, एवढाच विचार मनात आला. केरळचे की विदर्भाचे, हा प्रश्न त्यांनी बहुधा विचारलाच नसता.

वेळ संपत आली, हे अध्यक्षांच्या घड्याळाकडे पाहण्यावरून मला कळते आहे. अण्णांच्या १९४८ सालच्या रोजनिशीतील एक पान मी सोबत आणले आहे. तारीख १४ नोव्हेंबर. वरच्या बाजूला धोब्याचा हिशेब आहे, खाली इंदूरला पाठवावयाच्या मनिऑर्डरीची रक्कम. मध्ये एकच ओळ आहे : 'कोटला. सामना अनिर्णित. सरवटे ३५ नाबाद.' कागद जुना झाला आहे, म्हणून त्याला प्लास्टिकचे वेष्टन घातले आहे. पहिल्या रांगेपासून तो पुढे सरकवावा, आणि मागच्या रांगेतील मंडळींनी पाहून झाल्यावर चहाच्या वेळी मला आठवणीने परत द्यावा, ही विनंती.